मागच्या खोलीची घरपट्टी

बाबा,

घरपट्टीची हरकत मी जिंकले. काल सकाळी महापालिकेचा शिपाई कागद देऊन गेला, पोचवहीवर माझी सही घेतली आणि जाताना म्हणाला, "मावशी, पेढे पाहिजेत हां, असं सहसा होत नाही." मी हसले. दार लावलं, चष्मा शोधला, कागद दोनदा वाचला. ठाण्याच्या कॉलेजात जन्मभर कागदच वाचले मी, हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, त्यामुळे असल्या भाषेला मी घाबरत नाही. लिहिलंय की अर्जदाराची हरकत मान्य करण्यात येत असून मालमत्तेच्या मागील बाजूची खोली आकारणीतून वगळण्यात येत आहे. एवढंच. त्या एका ओळीसाठी मी तीन महिने प्रभाग कार्यालयाचे जिने चढले-उतरले. आणि ती ओळ वाचून झाल्यावर मला तुम्ही दिसलात, पुढच्या खोलीत खाटेवर बसलेले, आणि नेहमीसारखं विचारताय, "काय लिहिलंय गं त्यात? मोठ्याने वाच." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मोठ्याने वाचायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, मधूनच काय सुरू करतेस. तुमचे जावई गेल्यावर बाळकुमच्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं काढली. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मला मिठाचा डबा सापडायचा नाही, आणि विचारलं की दोघं एकदम उठायची. मला ते नको झालं. चार वर्षांपूर्वी बॅग उचलली आणि मोहन्याला तुमच्या घरी आले. घर तसंच आहे. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, बाहेर ओटा. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत ते दार आहे, दारापलीकडे आक्काची खोली आणि खोलीपलीकडे नाला. हो, आक्का आहे अजून. ऐंशीच्या पुढे गेली असेल, तिचं तिलाच नक्की माहीत नाही. ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत, पण सकाळी सहाला दार ढकलून आत येणार आणि म्हणणार, "उठलीस का गं बाय? च्या टाक." मी चिडायचे. रोज चिडायचे आणि रोज दोन कप टाकायचे.

गेल्या वर्षी महापालिकेने जुन्या नोंदींवर नवा दर लावून सगळ्या वस्तीची बिलं नव्याने काढली. ज्याला पटणार नाही त्याने मुदतीत हरकत घ्यावी, अशी खाली बारीक अक्षरात सूचना. माझं बिल बघून मी उडालेच. पैशाचा प्रश्न नव्हता असं म्हणणार नाही, पेन्शनीत असं काही अंगावर आलं की लागतंच. पण माझं डोकं फिरलं ते क्षेत्रफळाचा आकडा बघून. आपलं घर एवढं मोठं? मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, चूक आहे ना? मग घे हरकत. अर्ज लिहिण्यात तुझा हात कोण धरणार?" त्याच दिवशी मी तुमची ती कंपनीतली लोखंडी टेप काढली, गंजलीय पण चालते, आणि अर्धा दिवस रांगत रांगत घर मोजलं. कागदावर मांडणी केली. बिलातलं क्षेत्र आणि माझं क्षेत्र यांत दहा बाय बाराच्या एका खोलीचा फरक निघाला. बरोब्बर एका खोलीचा. माझ्या पाठीमागे भिंत होती, भिंतीत दार होतं, दार उघडं होतं, पलीकडे आक्का लसूण सोलत बसलेली. आणि मी टेप गुंडाळत काय म्हणाले माहितीये? म्हटलं, बघ, कसला आंधळा कारभार आहे यांचा. डोळ्यांवर कातडं ओढायचं म्हटलं की माणूस किती सहज ओढतो, बाबा.

कारण मला माहीत होतं. मी आठवीत आहे. आक्का आमच्या शाळेत शिपाईण, घंटा तीच देते, पाण्याचा माठ तीच भरते. नवरा टाकून गेलेला, माहेरी कुणी नाही, आणि आपल्या घराच्या मागच्या भिंतीला टेकवून तिने पत्र्याची एक खोली उभी केलेली. एका शुक्रवारी नगरपालिकेचा ट्रक येतो. नोंद नसलेली बांधकामं काढणार. आक्का शाळेतून धावत येते आणि भांडीकुंडी बाहेर काढायला लागते, रडत नाही, नुसती काढत राहते. तुम्ही पहिल्या पाळीवरून नुकतेच आलेले, जेवायला बसलेले. ताटावरून उठता, उष्टा हात तसाच, आणि त्या साहेबासमोर जाऊन उभे राहता. "ही माझ्या घराची मागची बाजू आहे." साहेब म्हणतो, "कागद?" तुम्ही म्हणता, "सोमवारी आणून देतो." तो हसतो, पण ट्रक पुढे जातो. आई दारात उभी आहे. तिचा चेहरा मला आज आठवतो, तेव्हा बघायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कल्याणला जाऊन माझ्यासाठी शाईचं पेन आणलंत. निळं, सोनेरी टोपणाचं. वर्गात कुणाकडे तसलं पेन नव्हतं, मी नाचायचीच बाकी होते. तुम्ही म्हणालात, "तुझं अक्षर चांगलं आहे. बस, अर्ज लिहायचाय." आणि सांगायला लागलात, की माझ्या राहत्या घराच्या मागील बाजूस माझी आणखी एक खोली असून तिला घरातूनच ये-जा आहे. मी थांबले. म्हटलं, "बाबा, हे खोटं आहे. मधे तर भिंत आहे." चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "पोरीला कळतं, बापाला कळत नाही." मला वाटलं आता ओरडा पडणार. तुम्ही उठून त्या भिंतीवरून हात फिरवलात. मग म्हणालात, "बरोबर आहे. खोटं लिहायचं नाही. पेनाला टोपण लाव. आधी खरं करू, मग लिही."

रविवारी सकाळपासून तुम्ही भिंत फोडलीत. छिन्नी-हातोडा शेजारून आणलेला. डाळीत माती, पाण्यात माती, आईच्या केसांत माती. पलीकडे आक्का तोंडाला पदर लावून उभी, आणि पहिली वीट तिच्या बाजूला पडली तेव्हा ती दचकून मागे सरली. दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भोक झालं. तुम्ही एकदा पलीकडे जाऊन आलात. हात धुतलेत, माझ्यासमोर मांडी घातलीत आणि म्हणालात, "आता लिही. आता खरं आहे." मी लिहिलं. तरी सदर खोली धरून माझ्या घराची घरपट्टी आकारावी, ही नम्र विनंती. खाली तुम्ही सही केलीत, एकेक अक्षर सुटं सुटं. अख्ख्या नगरपालिकेत घरपट्टी वाढवून द्या म्हणून अर्ज करणारा माणूस तुम्ही एकटेच असाल. तिथल्या कारकुनाने म्हणे तुम्हाला दोनदा विचारलेलं, काका, कमी करून पाहिजे ना?

आई त्या दारातून एकदाही पलीकडे गेली नाही. आक्काला काही द्यायचं असलं तर पुढच्या दाराने निघायची, गल्लीला वळसा घालायची आणि मागून जाऊन तिची कडी वाजवायची. नळावर बायका बोलायच्या, ते मी ऐकलेलं. "दार काय उगाच पाडतं का कुणी?" आईने तुम्हाला कधी विचारलं नाही, मला मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझ्या बापाने परक्या बाईसाठी घराला भगदाड पाडलं. घरपट्टी आपली, घर लोकाचं." मी तोवर चौदाची झाले होते. ते मी गिळलं, पण पचलं नाही. तुमच्यावर संशय नव्हता माझा, अगदी मनापासून सांगते. आक्काला तुम्ही कायम 'बाई' म्हणालात, नजर खाली घालून. पण आई हातात वाटी घेऊन तो वळसा घालताना दिसली की मला तुमचाच राग यायचा, आक्काचा नाही, तुमचाच. लोकांचं भलं करायचं आणि त्याची किंमत घरातल्या बाईने मोजायची, हा कुठला न्याय? आईच्या शेवटच्या महिन्यात आक्काच त्या दारातून येऊन तिचं अंग पुसायची, तेव्हा आई म्हणे काही बोलली नाही. मी ठाण्यात होते. मला रजा मिळत नव्हती.

कॉलेजात नोकरी लागल्यावर एकदा मी तुम्हाला विचारलंच, का केलं होतं ते सगळं. तुम्ही ओट्यावर बसून चप्पल शिवत होता. मान वर न करता म्हणालात, "कंपनीत लागलो तेव्हा चार वर्षं मी दुसऱ्याच्या रेशनकार्डावर त्याचा भाऊ होतो. तो कुठला, मी कुठला, जात वेगळी, गाव वेगळं. त्याची बायको बोलायची त्याला. पण माझं नाव कुठंतरी होतं." मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण किती दिवस?" तुम्ही म्हणालात, "काय किती दिवस?" आणि दोरा दाताने तोडलात. मला तेव्हा वाटलं तुम्हाला प्रश्न कळला नाही.

दर वर्षी घरपट्टीचा भरणा सुरू झाला की पहिल्या दिवशी रांगेत तुम्ही. पावती आणून आधी भिंतीवरच्या तसबिरींसमोर ठेवायची, बुद्धवंदना म्हणायची, आणि मग मला सांगायचं, "नक्कल काढ." मी वहीच्या कागदावर पावती जशीच्या तशी उतरवायचे, खाली 'खरी प्रत' लिहायचे, आणि तुम्ही ती आक्काला नेऊन द्यायचात. दारातून नाही, दारात उभं राहून. पुढे झेरॉक्स आल्या, माझं काम सुटलं. आक्काला वाचता येत नाही. तिने त्या सगळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात, खालच्या माझ्या अक्षरातल्या, वरच्या झेरॉक्स. गॅसवाला येवो, मतदारयादीवाला येवो, ती डबा उघडते, "ह्यो माझ्या घराचा कागद." कागदावर नाव तुमचं असतं. तिला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही गेल्यावर तो नेम मी चालवला, ठाण्याहून वर्षातून एकदा यायचे, भरणा करायचे, झेरॉक्स द्यायचे, आणि ती मला कुरडयांचा डबा द्यायची. मी समजायचे, म्हातारीचं समाधान. एक कागद दिला की खूश.

आता नाल्याकडेच्या खोल्यांची यादी चाललीय. नाला रुंद करणार आहेत. ज्यांची जुनी नोंद आहे त्यांना दुसरीकडे जागा मिळेल म्हणतात, ज्यांची नाही त्यांना नुसती नोटीस. विहारात पौर्णिमेला जमलं की सगळे त्याचंच बोलतात. आक्का खीर खात खात म्हणते, "मला कशाची भीती? माझा डबा हाय की." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि हरकतीचा अर्ज तेव्हा माझ्या पिशवीत होता. काय सुरेख लिहिला होता मी तो! मुद्दे, नकाशा, मोजमाप, सगळं. कारकून म्हणाला, "मॅडम, असे अर्ज आले तर आम्हाला काम करायला मजा येईल." मी फुगले. रिटायर झाल्यापासून माझ्या अर्जाचं कुणी कौतुक केलेलं नव्हतं.

मग पाहणीची तारीख लागली. महापालिकेचा माणूस येणार आणि घर बघणार. आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या दाराकडे बघत होते. चहा ठेवलेला, तो उतू गेला. मग मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट मी ढकलायला लागले. उंबऱ्यापर्यंत आलं आणि अडकलं. खरखर ऐकून, म्हणजे तिला ऐकू आली म्हणजे बघा केवढी असेल, आक्का आत आली. "काय करतीस गं?" मी म्हटलं, "कपाट हलवतेय. इथे लावायचं." दाराकडे बोट केलं. तिने दाराकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. आणि ती म्हणाली, "उंदरं येतात म्हणून व्हय? बरं केलंस, माझ्याकडं लई झालेत." पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. बाबा, तिने धरलं. ऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यांवर हात ठेवत, "हं, उचल" म्हणत. आम्ही दोघींनी ते कपाट दारासमोर नेऊन लावलं, आणि मग ती पुढच्या दाराने बाहेर पडली, भिंतीला धरत धरत, वळसा घालून आपल्या खोलीत गेली. आई जायची त्याच वाटेने. मी खिडकीतून बघत होते.

पाहणीला आलेला माणूस भला होता. त्याने मोजलं, कपाट असलेल्या भिंतीचा फोटो काढला, पाणी प्यायला आणि गेला. त्याचं काही चुकलं नाही. जे मी दाखवलं ते त्याने लिहिलं.

सुनावणीला अधिकारी बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची, समोर फायलींचा ढीग, पण बोलणं नीट. तिने जुनी फाइल मागवली. कारकून म्हणाला, "नशीब तुमचं, वाळवीने ठेवलीय." पिवळा कागद, निळी शाई फिकी पडलेली, खाली तुमची सुटी सुटी सही. बाईने अर्ज माझ्यापुढे सरकवला. "सही तुमच्या वडिलांची?" मी म्हटलं, "हो." "यात ते म्हणतात मागची खोली माझी आहे, घरातून ये-जा आहे. आमच्या पाहणीत दार दिसलं नाही." मी म्हटलं, "दार नाही." "मागे कोण राहतं?" "एक म्हातारी बाई." "तुमच्या कोण?" मी म्हटलं, "शेजारी." बाईने पेन खाली ठेवलं. मला म्हणाली, "मॅडम, ती खोली मी तुमच्यातून काढली तर तिची कुठेच नोंद राहणार नाही. नाल्याची यादी निघालीय, तुम्हाला माहीतच असेल. घाई नाही, हवं तर पुढची तारीख देते, विचार करून या." बघा, तिने मला वेळ देऊ केला होता. ज्या बाईला मी आंधळा कारभार म्हणत होते तिने. आणि मी म्हटलं, "विचार झालाय. आजच करा."

का, ते मी कालपासून स्वतःला विचारतेय. पैसे नाहीत. पैसे मुलगा देत होता, मी घेतले नाहीत. आईचा तो वळसा, तो आहेच. पण त्याहून एक गोष्ट आहे जी तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, आणि रागही येतो. तुम्ही मला विचारलं नव्हतंत. तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात एक सुंदर पेन दिलंत आणि एका बाईला जन्मभरासाठी माझ्या अक्षरात लिहून घेतलंत. मग तुम्ही गेलात, आई गेली, आणि ती बाई सकाळी सहाला माझ्या चहाला. मला एकदा, फक्त एकदा, कुणाचं काही लागत नाही असं व्हायचं होतं. स्वतःचं तेवढं घर, मोजलेलं, स्वच्छ, एका कागदावर. बोला आता. तुम्ही असता तर चप्पल शिवत बसला असता, मला माहीत आहे.

काल संध्याकाळी आक्का आली. शिपायाने गल्लीभर सांगितलेलं दिसतंय. "जिंकलीस म्हनं गं बाय! बापाचं नाव काढलंस." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. हातात कुरडयांचा डबा होता, आणि काखेत तो दुसरा, बिस्किटांचा. खाटेवर बसली, दम खाल्ला, झाकण उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "औंदाची झेरॉक्स ऱ्हायली माझी. ती यादीवाली पोरगी परवा येनार हाय." मी डब्यात बघितलं. सगळ्यात खाली माझं अक्षर होतं. मी म्हटलं, "आक्का, झेरॉक्सचं मशीन बिघडलंय." ती म्हणाली, "मग उद्या?" मी म्हटलं, "बघू." मशीन चालू आहे, बाबा. शहाड स्टेशनबाहेर ओळीने तीन दुकानं आहेत.

आता सुनावणीतलं जे वर गाळलं ते सांगते. कॉलेजात मी पोरांच्या अर्जांतली गाळलेली माहिती लाल शाईने भरून घ्यायचे, आणि तुम्हाला लिहिताना मीच गाळली. बाईने तो पिवळा कागद उलटसुलट केला होता आणि विचारलं होतं, "सही वडिलांची, पण मजकूर दुसऱ्याच्या हातचा दिसतोय. कुणाचं अक्षर आहे हे? ती व्यक्ती असेल तर सांगू शकेल, खोली खरंच या घरातलीच होती का." कागद माझ्या हातात होता. तो 'ख' मी अजून तसाच काढते. समोर माझा नवा अर्ज होता, त्यातही तोच 'ख'. तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले असते तर संपलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही. ओळखत नाही."

कालच्या कागदावर खाली लिहिलंय की निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावे. स्वतःच्याच बाजूने लागलेला निकाल मान्य नाही म्हणून कोण कळवतं? त्या कारकुनाला परत एकदा विचारावं लागेल, काकी, कमी करून पाहिजे ना? आज जेवण झाल्यावर फुलस्केप घेऊन बसले, 'प्रति' लिहिलं, खोडलं, आणि तुम्हालाच लिहायला लागले. कागद संपत आलेत. एक कोरा ठेवलाय, अर्जाला एक पुरतो. त्यात पहिलं वाक्य मला लिहिता येईल, की जुन्या अर्जावरचं अक्षर माझं आहे. दुसरं येत नाही. खोलीला घरातून ये-जा आहे असं लिहायचं, तर आत्ता ती नाही. तुम्हीच सांगितलेलं, आधी खरं कर. म्हणून मघाशी उठले आणि कपाट ढकललं. आतले कपडे काढले, वरची पेटी उतरवली, पुन्हा ढकललं. बोटभरसुद्धा हललं नाही. त्याला दोन माणसं लागतात. पलीकडे भांड्यांचा आवाज येतोय, म्हणजे आक्का दुपारच्या झोपेतून उठलीय. जोरात हाक मारली तर वळसा घालून येईल, पदर खोचेल, दुसरं टोक धरेल, आणि विचारेल, "आता कशापायी काढतीस गं?" त्याचं उत्तर मला द्यावं लागेल. तास होऊन गेला, बाबा. मी अजून हाक मारलेली नाही.